ऑनलाइन पदवीला प्रवेश घेताय? आधी या चार गोष्टी जुळवून पाहा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बसस्थानकांबाहेर, तालुक्याच्या बाजारपेठेत आणि आता मोबाइलवरही एकच जाहिरात फिरते: ‘घरबसल्या बी.ए., बी.कॉम., एम.बी.ए. यूजीसी मान्य.’ यातल्या काही जाहिराती खऱ्या असतात, काही खोट्या. सगळ्यात जास्त फसवतात त्या अर्ध्या खऱ्या. विद्यापीठ खरं असतं, पण तो अभ्यासक्रम त्याला दूरस्थ पद्धतीने चालवायची परवानगी नसते. किंवा परवानगी होती, ती दोन वर्षांपूर्वीच्या सत्रापुरती.

म्हणून ‘यूजीसी मान्य’, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता, एवढ्यावर विसंबू नका. विद्यापीठ, अभ्यासक्रम, सत्र आणि पद्धत या चार गोष्टी यूजीसीच्या यादीत एकाच ओळीत जुळल्या पाहिजेत. तीन जुळल्या आणि एक नाही, तर पैसे भरायचे नाहीत.

दूरस्थ वेगळं, ऑनलाइन वेगळं

बोलताना आपण दोन्ही एकच धरतो, नियमात तसं नाही. दूरस्थ म्हणजे छापील किंवा डिजिटल पुस्तकं, जवळच्या कॉलेजातलं अभ्यासकेंद्र, अधूनमधून संपर्कसत्रं आणि केंद्रावर जाऊन लेखी परीक्षा. ऑनलाइन म्हणजे तासिका, चर्चा, स्वाध्याय हे सगळं विद्यापीठाच्या पोर्टलवर आणि परीक्षा देखरेखीखाली, घरून किंवा केंद्रावर. दोन्ही पद्धती यूजीसीच्या २०२० च्या विनियमांखाली चालतात, पण परवानगी वेगवेगळी घ्यावी लागते. एखाद्या विद्यापीठाला एम.कॉम. दूरस्थ चालवायची परवानगी असेल, पण ऑनलाइनची नसेल, असं होतं. ऑनलाइन पदवी चालवायला विद्यापीठाचा नॅकच्या दर्जा तपासणीतला गुणांक ४ पैकी किमान ३.०१ हवा किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात नाव हवं. म्हणजे हे दार सगळ्यांना उघडं नाही.

खानदेशाला या फरकाचा एक खास काच आहे. आपल्या एका अंगाला सेंधवा आणि बऱ्हाणपूर, दुसऱ्या अंगाला सुरत. हद्दीपलीकडच्या राज्यातल्या विद्यापीठाचं ‘केंद्र’ नवापुरात, शिरपुरात किंवा रावेरात दाखवलं जातं. राज्य विद्यापीठाला आणि खासगी विद्यापीठाला दूरस्थ पद्धतीची केंद्रं स्वतःच्या राज्याबाहेर उघडता येत नाहीत. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, केंद्रीय कायद्याने १९८५ मध्ये स्थापन झालेलं, त्याचं कार्यक्षेत्र देशभर आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं, त्याचं क्षेत्र महाराष्ट्र. ऑनलाइन पदवीला मात्र हद्द नाही. कर्नाटकातल्या विद्यापीठाची मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी तळोद्यात बसून घेता येते, फक्त त्यासाठी तळोद्यात ‘केंद्र’ असण्याचं काही कारण नाही. कुणी ऑनलाइन पदवीसाठी स्थानिक केंद्राची वेगळी फी मागत असेल तर तिथेच थांबा.

यादी कशी पाहायची

यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्यूरोचं संकेतस्थळ उघडा: डीईबी डॉट यूजीसी डॉट एसी डॉट इन. मान्यताप्राप्त संस्थांच्या याद्या तिथे शैक्षणिक वर्ष आणि सत्रानुसार लावलेल्या असतात. सत्रं वर्षात दोन, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. तुम्ही ज्या सत्रात प्रवेश घेणार तेच निवडा. मग पद्धत निवडा, विद्यापीठ शोधा आणि त्याच्यासमोर लिहिलेला अभ्यासक्रम अक्षरशः वाचा. ‘एम.बी.ए.’ यादीत आहे म्हणून ‘एम.बी.ए. हॉस्पिटल मॅनेजमेंट’ही आहे, असं समजू नका. जाहिरातीतलं नाव आणि यादीतलं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे.

तेच नाव विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहा. यूजीसीचं मान्यतापत्र आणि माहितीपुस्तक तिथे ठेवणं विद्यापीठावर बंधनकारक आहे. शोधपट्टीत वर येणारं पहिलं पान बहुतेकदा जाहिरातीचं असतं आणि ते विद्यापीठाचं नसतं, एखाद्या कंपनीचं असतं. पत्त्याच्या शेवटी ‘एसी डॉट इन’ किंवा ‘ईडीयू डॉट इन’ आहे का, ते बघा.

पाहून झालं की त्या पानाची तारखेसह पीडीएफ काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. चार-पाच वर्षांनी कागदपत्रं तपासणीत कुणी विचारलं तर ती दाखवता येते. जुनी पदवी तपासायची असेल तरी रीत हीच, फक्त यादी प्रवेशाच्या वर्षाची बघायची, आजची नाही. २०१३ च्या आधी ही मान्यता इग्नूअंतर्गत असलेली दूरस्थ शिक्षण परिषद देत असे, तेव्हा त्या काळातल्या पदवीसाठी त्या परिषदेची मान्यता शोधावी लागते.

आपल्याच कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या दूरस्थ अभ्यासक्रमांनाही हाच नियम. घरचं विद्यापीठ म्हणून तपासणी टाळू नका. कुठल्याही विद्यापीठाच्या यादीत सत्रागणिक अभ्यासक्रम वाढतात आणि गळतात.

जे या पद्धतीने होतच नाही

इथे सर्वात जास्त पैसा बुडतो, म्हणून जरा थांबून वाचा. अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, औषधनिर्माण, नर्सिंग, फिजिओथेरपी, वास्तुशास्त्र (आर्किटेक्चर), कायदा, कृषी, हॉटेल मॅनेजमेंट यांच्या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन देता येत नाहीत. पीएच.डी.ही नाही. प्रयोगशाळा लागणारा अभ्यासक्रम पूर्ण ऑनलाइन चालत नाही.

जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून आरोग्याशी संबंधित आणखी काही विषय बंद झाले. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण, जैवतंत्रज्ञान हे त्यातले. जुन्या माहितीपुस्तकांत हे विषय अजून छापलेले दिसतात आणि काही जण तीच पुस्तकं दाखवून प्रवेश देऊ करतात. मानसशास्त्र घेऊन एम.ए. करायची इच्छा असलेल्यांची खानदेशात कमी नाही, त्यांनी नियमित कॉलेजच बघावं.

बी.एड.चा मोह मोठा. ‘घरबसल्या बी.एड.’ असं काही नाही. दूरस्थ बी.एड. आहे, पण ते मुख्यतः सेवेत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी. त्याला एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, मान्यता लागते आणि त्यात शाळेत प्रत्यक्ष पाठ घ्यावे लागतात. डी.एड. नाही, नोकरी नाही, तरी बी.एड. करून देतो असं कुणी म्हणालं तर तो कागद शिक्षक भरतीच्या तपासणीत टिकणार नाही.

‘आमच्या ओळखीच्या एकाने दूरस्थ बी.ई. केलं, त्याला नोकरीही आहे’ असं सांगणारा भेटतोच. त्याला ३ नोव्हेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगा. काही अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, परवानगीशिवाय दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. २००१ ते २००५ च्या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा देण्याची संधी मिळाली, त्यानंतरच्यांच्या पदव्या थेट रद्द झाल्या. नोकरीत बारा-पंधरा वर्षं काढलेली माणसंही त्यात अडकली.

एजंट, कंपनी आणि हप्ते

यूजीसीच्या नियमात फ्रँचायझी नाही. विद्यापीठाला प्रवेश, अध्यापन किंवा परीक्षा दुसऱ्या कंपनीकडे सोपवता येत नाही. पोर्टल चालवायला तांत्रिक मदत घेता येते, तेवढंच. दूरस्थ पद्धतीचं अभ्यासकेंद्रही महाविद्यालयात असतं आणि त्याचा समन्वयक सहायक प्राध्यापक किंवा त्यावरच्या दर्जाचा असावा लागतो. मोबाइल दुकानाच्या माडीवरचं किंवा कोचिंग क्लासच्या मागच्या खोलीतलं केंद्र बघितलं की काय समजायचं ते समजा.

पुढची वाक्यं ऐकली की उठून या. एका वर्षात तीन वर्षांची पदवी. मागच्या तारखेने प्रवेश. परीक्षेला यायची गरज नाही. पास करून देण्याची हमी. आज फी भरली तरच सवलत.

फी नेहमी विद्यापीठाच्या पोर्टलवर, विद्यापीठाच्याच खात्यात. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पाचशे रुपयेही नकोत. पावतीवर विद्यापीठाचं नाव, नोंदणी क्रमांक, सत्र आणि अभ्यासक्रम हवा. आणि फी विचारताना ‘एकूण किती?’ हे विचारा. प्रवेश शुल्क सांगतात, परीक्षा शुल्क विषयागणिक वेगळं, प्रकल्पाचं वेगळं, पदवी प्रमाणपत्राचं वेगळं. जोड मारली की स्वस्त वाटलेला अभ्यासक्रम पुष्कळदा महाग निघतो.

ऑनलाइन पदव्या विकणाऱ्या कंपन्यांचा ‘समुपदेशक’ दिवसातून चारदा फोन करतो आणि ‘बिनव्याजी हप्ते’ सुचवतो. तो हप्ता म्हणजे बहुतेक वेळा वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. अभ्यास सोडला तरी हप्ता सुटत नाही आणि थकला तर सिबिल बिघडतं. पुढे ट्रॅक्टरसाठी किंवा घरासाठी बँकेत गेल्यावर ते कळतं. खात्यातून आपोआप पैसे कापण्याची संमती देऊ नका. शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच याबद्दल सावधगिरीची सूचना काढलेली आहे.

फसवणूक झालीच तर पैसे गेल्या गेल्या १९३० वर सायबर तक्रार करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. कंपनीच्या सेवेबद्दल १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि विद्यापीठाबद्दल यूजीसीचं ई-समाधान पोर्टल.

डीईबी आयडी आणि नावाचा घोळ

२०२४-२५ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशाला डीईबी आयडी लागतो. क्रम असा: आधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांक (क्रेडिट) साठवायच्या खात्याचा क्रमांक, हा बारा अंकी असतो. मग त्याच्या आधारे डीईबीच्या संकेतस्थळावर डीईबी आयडी. हा एकदाच काढायचा, पुढच्या पदवीलाही तोच चालतो. पैसे लागत नाहीत. जो विद्यापीठवाला डीईबी आयडी न विचारता प्रवेश देतो, त्याचा प्रवेश खरा आहे का याची शंका घ्या.

अडतं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. ‘पाटील’ एका कागदावर, ‘पाटिल’ दुसऱ्यावर. लग्न झालेल्या मुलींचं आधार सासरच्या नावाने, गुणपत्रिका माहेरच्या. आदिवासी भागात जन्मतारीखच दोन कागदांवर दोन. क्रमाचा फरक बहुधा चालून जातो, स्पेलिंगचा आणि तारखेचा चालत नाही. आधी दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि आधार तिच्याशी जुळवून घ्या. लग्नानंतरच्या नावासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी ठेवा. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, पण वेळ लागतो, म्हणून प्रवेश उघडण्याच्या दोन महिने आधी सुरू करा.

आणखी एक, फार नेहमीची गोष्ट. सेतू किंवा सायबर कॅफेवाला घाईत स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकतो. त्या दिवशी काम होतं. सहा महिन्यांनी हॉल तिकिटाचा ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तो यावलच्या लग्नात असतो. नंबर, ईमेल आणि पासवर्ड तुमचेच हवेत, वहीत लिहून ठेवलेले हवेत आणि आधारला जोडलेलं सिम चालू हवं. सिम बंद पडलं असेल तर अर्जाच्या आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला.

बारावी न झालेल्यांनी पदवीला ‘थेट प्रवेश’ शोधत बसू नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी करून घेतलेली बरी. ती पुढे कुठेच अडत नाही.

वेळेचा हिशेब, शेतीच्या कॅलेंडरवर

एका श्रेयांकाला तीस तास अभ्यास धरलेला असतो. सत्राला वीस श्रेयांक म्हणजे सहाशे तास, सव्वीस आठवड्यांत आठवड्याला तेवीस. नोकरी किंवा शेती करणाऱ्याला हे जमत नाही, आणि प्रवेश घेऊन गळणाऱ्यांची खरी गोष्ट इथेच आहे, हुशारीत नाही. रोज दीड तास आणि रविवारी पाच असं धरलं तर आठवड्याला चौदा होतात, सत्राला सुमारे साडेतीनशे. त्यात चार-चार श्रेयांकांचे तीन विषय नीट बसतात. बहुतेक मुक्त विद्यापीठांत पदवी पूर्ण करायला किमान मुदतीच्या जवळपास दुप्पट अवधी असतो. इग्नूच्या तीन वर्षांच्या बी.ए.ला सहा वर्षांपर्यंत मुभा आहे. तेव्हा पहिल्या सत्रात सगळे विषय परीक्षेला लावण्यापेक्षा तीन विषय पूर्ण करणं शहाणपणाचं.

इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये येतात. शेतकरी घरात हे दोन्ही महिने नेमके अडचणीचे. जूनमध्ये पेरणी, डिसेंबरमध्ये कापसाची वेचणी आणि रब्बीचं पाणी भरणं. केळीवाल्यांना तर बाराही महिने काम. म्हणून अभ्यासाचा भार पोळा ते दसरा आणि संक्रांत ते आखाजी (अक्षय्य तृतीया) या दोन पट्ट्यांत टाका. स्वाध्याय दसऱ्याच्या आत लिहून जमा झालेच पाहिजेत. सुरतेला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी परीक्षाकेंद्र कुठलं निवडलंय ते पाहावं आणि गरज असल्यास अर्जातच ते बदलून घ्यावं, कारण हॉल तिकीट निघाल्यावर सहसा बदलत नाही.

स्वाध्यायाला यूजीसीच्या चौकटीत जास्तीत जास्त तीस टक्के गुण असतात, उरलेले सत्रअखेर परीक्षेचे. स्वाध्याय दिला नाही तर पुष्कळ ठिकाणी निकालच रोखून धरतात. बाजारात तयार सोडवलेले स्वाध्याय मिळतात. तेच उत्तर शंभर मुलांनी उतरवलेलं असतं आणि तपासणाऱ्याला ते ओळखू येतं. गुणांपेक्षा मोठं नुकसान असं की लिहिण्याचा सराव होत नाही आणि तीन तासांच्या पेपरात हात दुसऱ्या तासालाच थांबतो.

माध्यम निवडताना ज्या भाषेत तुम्ही सलग तीन तास लिहू शकता ती निवडा. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि एकदम इंग्रजी माध्यमाचं ऑनलाइन एम.बी.ए., ही उडी काही जणांना जमते, पण आधी नमुना पुस्तकातलं एक प्रकरण वाचून त्यावर दोन पानं लिहून बघा. मुक्त विद्यापीठात मराठी माध्यमाची पुस्तकं मिळतात, त्यात कमीपणा काही नाही.

वीज, रेंज आणि देखरेखीची परीक्षा

साधारण ४८० च्या दर्जाचं एक तासाचं व्हिडिओ चारशे ते पाचशे एमबी खातं. रोजच्या दीड जीबीत तीन तास बसतात, ७२० वर नेलं तर एक-दीड तासातच संपतं. धडगाव, अक्कलकुवा, मोलगी पट्ट्यात रेंजच टेकडीवर मिळते. तिथे थेट तासिकेवर अवलंबून न राहता रेकॉर्ड केलेला तास रेंजमध्ये असताना ॲपमध्येच उतरवून घ्या. डाउनलोडची सोय नसलेलं पोर्टल त्या भागासाठी कामाचं नाही आणि हे प्रवेशाआधी विचारायचं.

शेतात राहणाऱ्यांचा शेतीपंपाचा फीडर ठरावीक तास चालतो, गावठाणचा वेगळा. घरी ब्रॉडबँड असेल तर राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, दोन-तीन तास निघतात. लॅपटॉपची बॅटरी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून मोजा. कंपनीने लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका.

घरून देखरेखीची परीक्षा असेल तर कॅमेरा आणि माइक असलेला लॅपटॉप बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो, मोबाइलवर चालत नाही. सराव परीक्षा त्याच खोलीत, त्याच वेळी द्या. खिडकी पाठीमागे नको. चेहरा काळा पडतो आणि प्रणाली अडखळते. मागून कुणी गेलं, दुसरी खिडकी उघडली, खाली बघून पुटपुटलं, की नोंद होते. एकत्र कुटुंबात त्या दोन तासांसाठी दाराला कडी लावणं हाच उपाय. हॉटस्पॉटसाठी वेगळा फोन ठेवा, ज्यावर कुणाचा कॉल येणार नाही. काही फोनवर कॉल आला की डेटा तुटतो.

आणि मे महिना. भुसावळ, जळगावला पारा ४५ च्या वर जातो. चार्जिंगला लावलेला, हॉटस्पॉट चालू असलेला फोन पत्र्याच्या घरात तापून स्वतःहून बंद पडतो. वेळ निवडता येत असेल तर सकाळची निवडा, फोनचं कव्हर काढा आणि आधीच शंभर टक्के चार्ज करून चार्जर काढून ठेवा. यातली एकही सोय घरी होत नसेल तर परीक्षाकेंद्रावर जाऊन देण्याचा पर्याय घ्या. एस.टी.चं भाडं परवडतं, वाया गेलेलं सत्र परवडत नाही.

वीज किंवा नेट गेलंच तर पडद्यावरच्या चुकीचा वेळेसह फोटो काढा आणि त्याच दिवशी विद्यापीठाला ईमेल करा. दुसऱ्या दिवशी केलेल्या तक्रारीला किंमत कमी राहते.

नोकरीत ही पदवी कशी चालते

यूजीसीने २ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या समकक्ष आहे. स्पर्धा परीक्षेच्या अर्जात ती चालते. पदवी किंवा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला पद्धत, प्रवेशाची तारीख आणि पूर्ण केल्याची तारीख नोंदवण्याचा नियम आहे, म्हणून बायोडेटात ‘नियमित’ असं लिहू नका. लपवलेली पद्धत उघडी पडली की प्रश्न पदवीचा राहत नाही, तुमचा होतो.

एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्याही करता येतात: एक कॉलेजातली आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन, किंवा दोन्ही दूरस्थ-ऑनलाइन. सरकारी नोकरीत असाल तर प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या, नंतर सेवापुस्तकात नोंद करताना तीच मागतात.

स्वयम किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलचं प्रमाणपत्र पदवी नव्हे, पण भरघोस उपयोगाचं आहे. शिकणं फुकट, शुल्क फक्त परीक्षेचं, आणि एनपीटीईएलमध्ये स्वाध्यायाला पंचवीस व केंद्रावरच्या परीक्षेला पंचाहत्तर गुण. ऑनलाइन शिकणं आपल्याला झेपतं का, हे पाहायला पदवीच्या फीपेक्षा बारा आठवड्यांचा असा एक अभ्यासक्रम स्वस्त पडतो.

निकाल लागल्यावर डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका आणि पदवी आली का ते पाहा. महिनाभरात आली नाही तर नोंदणी क्रमांक आणि एबीसी आयडी लिहून परीक्षा विभागाला ईमेल करा. नावातली चूक तिथेच दुरुस्त करून घ्या, पदवीवर छापून आल्यावर तीच दुरुस्ती सहा महिने खाते.